दत्तोबाला लिफ्ट नाही

मोबाइल खिशात घाला, मग सांगतो. ऐकीव नाही. आपल्याच या खराडीच्या सोसायटीत, आमोद नावाच्या चेअरमनबाबत घडलेलं आहे.

२००६ साली आपल्याकडे दत्तोबा वॉचमन होता. कारगिलला गेलेला जवान. गोळी लागली नाही. तिथल्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरलं आणि छाती कायमची अधू झाली. रोज रात्री अकरा मजले चढून गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. जिन्यानं, कारण लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी! त्यानं एकदा हात जोडून विचारलं, तर आमोद म्हणाला, "आजारी काय, कोणीही पडतं. गोळी लागली असती तर विचार केला असता." मोठा शूर! पाल दिसली की बायकोला हाक मारणारा. सभेत त्याच्या बाजूनं हात वर करणारे आम्ही सगळे सुशिक्षित. मीही. लाज वाटते सांगायला.

दिवाळीत दत्तोबा सातव्या मजल्यावर दम खायला बसला, तो उठलाच नाही.

नऊ डिसेंबर, शनिवार. रात्री पावणेदोनला टाकी वाहू लागली. नवा वॉचमन गावी गेलेला. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद, मेन स्विच काढून ठेवलेला. आमोद चरफडत जिना चढू लागला.

चौथ्या मजल्यावर त्याला वाटलं, मागून कोणी येतंय. तो थांबला. तेही थांबलं. नुसता श्वास... ओला, घरघरणारा.

पाचवा. सहावा. श्वास जवळ आला.

सातव्यावर लिफ्टचं दार उघडं. आत दिवा.

"जावा साहेब..." अगदी मानेमागून. "दमला आसाल."

आमोद कसाबसा म्हणाला, "तू... तूही ये ना."



"आमाला परवानगी न्हाई."

तो आत गेला की ढकलला गेला, त्याला आठवत नाही. दार लागलं. दिवा गेला.

सकाळी मेकॅनिकनं त्याला बाहेर काढलं. महिन्याभरात घर विकून वाघोलीला गेला. जाताना रडत त्यानंच मला हे सांगितलं. मला कीव आली नाही.

लिफ्टचा नियम आम्ही लगेच रद्द केला. बैल गेला आणि झोपा केला!

लिफ्टच्या आरशावर, तोंडाच्या उंचीला, वाफेचा डाग आहे. तुम्ही रोज बघता. आरसा दोनदा बदलला, तरी आहे. आज जरा थांबून बघा. हळूहळू मोठा होतो... मग लहान.