रविवारी या, ताई

बसा रे पोरहो. मोटर काही आत्ताच चालू होत न्हाई. लाईट बाराला येणार म्हणत्यात, म्हणजे एक धरून चाला. सोमेश्वर, तो मोबाइल ठेव खिशात. शेकोटीत चार पऱ्हाट्या सार अन् ऐक. ही ऐकीव गोष्ट न्हाई. ज्याच्यासंगं घडली तो संपत माझ्या साडूचा पोरगा. ज्याला खोटं वाटल त्यानं उठावं अन् हिरीवर एकट्यानं जाऊन बसावं, माझं काही म्हणणं न्हाई.

संपत रातचा चौकीदार हाये. वडीगोद्रीकडं जाताना, हायवे सोडून आत, सरकारची पोरींची निवासी शाळा हाये, तिथं. मागच्या साली पौष लागून दोनच दिवस झाल्ते. गुरुवार व्हता. दिवेलागणीला तो डुटीवर गेला तर गृहपाल मॅडमनं, सत्यशीला मॅडम त्यांचं नाव, त्याच्या हातात एक पोतं दिलं. म्हणल्या, "संपत, हे लांब नेऊन पुरून या. उघड्यावर टाकू नका." पोतं हलकं. संपतला वाटलं रिकामंच हाये. तोंड उघडून बघतो तर आत केस.

पोरींचे केस. शाळेत उवा झाल्त्या, डोक्यात फोड उठल्ते, अन् तपासायला आलेला डॉक्टर सांगून गेल्ता का सगळ्यांचे बारीक करा, न्हाईतर हे आटपत न्हाई. दिवसभर कात्री चालली. मॅडम बाई वाईट न्हवती बरं का. पोरीला ताप आला तर रातभर उशापाशी बसणारी बाई. पण एवढ्या डोक्यांना एकेक करून औषध कोण लावणार, अन् घरच्यांना विचारायचं तर निम्म्यांचे घरचे ऊसतोडीला गेलेले.

संपतला थंडी वाजून राह्यली व्हती. कुदळ आणा, खड्डा खंदा, कोण करतं. त्यानं पोतं फाटकाबाहेरच्या बाभळीखाली ठेवलं अन् वर एक दगड ठेवला. त्याची माय म्हणायची, बाईच्या केसावर कोणाचा पाय पडू नये. उद्या पुरू म्हणला. उद्याची खोड आपल्या सगळ्यांनाच असती, तशी त्यालाबी.

आता मीनाचं सांगतो, कारण गोष्ट तिचीच हाये.

मीना सहावीतली. मायबाप ऊसतोडीला, पार कर्नाटकाच्या हद्दीवर. अशा पोरींसाठीच ती शाळा. पाचाला घंटा, गार पाण्यानं आंघोळ, कारण गच्चीवरचं सोलर कवाचं बिघडलेलं. मंग प्रार्थना, पोहे, शाळा, सांजच्याला अभ्यास, अन् नऊला दिवे बंद. हरेक पोरीला एक पलंग अन् एक पत्र्याची पेटी, किल्ली गळ्यात. लहान पोरीची वेणी मोठ्या पोरीनं घालायची, असा तिथला रिवाज. सकाळच्या पारी पायऱ्यांवर एकीच्या मागं एक अशी रांग बसायची. हातानं वेण्या चालू, तोंडानं पाढे चालू. एखादी पाढ्यात चुकली का मागची तिचा केस ओढायची. संपत म्हणतो, डुटी सुटल्यावरबी तो तेवढं बघायला थांबायचा.

मीनाचे केस कमरेच्या खाली. तिच्या आईनं, दुर्गाबाईनं, जिंदगीत तेवढी एकच हौस केली. स्वतःच्या डोक्याला तेल असो नसो, पोरीला कमी पडू दिलं न्हाई. दसऱ्यानंतर टोळी निघाली त्या रविवारी ती फाटकापाशी फतकल मारून बसली, पोरीला पुढ्यात घेतली अन् दोन न्हाई, एकच जाड वेणी घातली. मुकादम ट्रकमधून हाका मारून राह्यला, हिचं आपलं निवांत चालू. घालता घालता म्हणली, "मीने, कोयता न्हाई धरायचा तू. शीक. पौषात मी कशीबी एक चक्कर मारते अन् तुझी वेणी घालून जाते."

संपतनं हे आपल्या कानानं ऐकलं.

तिथं भेटीचा वार रविवार, अन् त्या दिवशी संपतला दिवसाचीबी डुटी. आयाबाया डबे घेऊन येत्या, शेंगाची चटणी, धपाटे, पेरू. मीनाकडं कोण येणार? ती संपतच्या खुर्चीपाशी इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसायची. संपत सातवी नापास. ती त्याला धडा वाचून दाखवायची अन् वरून विचारायची, "मामा, कळलं का?" हा म्हणायचा, कळलं. "मंग सांगा." हा डोकं खाजवायचा. मंग ती हसायची अन् परत पहिल्यापासून सांगायची. पण डोळा सगळा रस्त्यावर. ऊन उतरलं, सगळे डबे रिकामे झाले, का उठताना एकच विचारायची, "मामा, आज कोणी आलं न्हाई ना?"

त्या गुरुवारी ती कात्रीला भिऊन मोरीत लपून बसल्ती. सगळ्यात शेवटी तिला बाहेर काढली. रडली न्हाई. केस खाली पडल्यावर मॅडमला एवढंच म्हणली, "आता आई आल्यावर काय करल?" मॅडम तिथून उठून आत गेल्या.

आता रात्र.

बारा वाजून गेल्ते. चांदाचा पत्ता न्हाई. हायवेवरच्या गाड्यांचा आवाजबी बसला व्हता. संपत केबिनमध्ये कानाला मफलर गुंडाळून बसलेला. बाभळीखाली रोज झोपणारं कुत्रं उठलं, अन् शेपूट पायात घालून भिंतीच्या कडंकडंनं निघून गेलं. भुंकलं न्हाई.

फाटकाबाहेर बाई उभी व्हती.

लुगड्यावर बाप्याचा शर्ट, डोक्याला फडकं. तोडीवरच्या बायांचा असतो तसा अवतार. दिव्याच्या उजेडाच्या जरा पलीकडं उभी.

"दादा," ती म्हणली. "मीनाची आई हाये मी."

संपतनं आवाज वळखला. बरं वाटलं त्याला. म्हणला, "ताई, एवढ्या रातीचं? कशावर आल्या?"

"गाडीवर."

"गाडी कुठंय?"

तिनं मागं वळून रस्त्याकडं पाह्यलं. मंग म्हणली, "पौषात येते म्हणल्ते मी. बोलवता का तिला? वेणी घालते अन् जाते. थांबायचं न्हाई मला."

आता तुम्ही म्हणसान, उघडायचं फाटक. पण त्या शाळेत आधी एक घडलं व्हतं. एका पोरीचा चुलता असाच अवेळी आला, गोड बोलून तिला घेऊन गेला, अन् परस्पर लगीन लावून दिलं. पोरगी लहान व्हती रे. तवापासून कडक हुकूम: रविवार सोडून भेट न्हाई, अन् दिवस मावळल्यावर फाटक कोणालाच न्हाई. तवाच्या चौकीदाराची नौकरी गेल्ती. संपतच्या घरात खाणारी तोंडं, कमावणारा हा एकटा.

त्याच्या मनात आलं, मॅडमला उठवावं. पण मॅडम दोन रातीच्या जागलेल्या. अन् खरं सांगायचं तर पोरीला बाहेर आणायची कशी? तसल्या डोक्यानं? आईपुढं?

"रविवारी या, ताई," संपत म्हणला. "नियम हाये. माझ्या हातात न्हाई."

"रविवार..." ती म्हणली. जसं काय तो वार लई लांब गेल्ता.

मंग तिनं विचारलं, "जेवती का बराबर?"

"जेवती."

"पांघरूण?"

"हाये. दोन हायेत."

"अभ्यास?"

"लई हुशार हाये. मलाच शिकवती."

तिकडून हसल्यासारखा आवाज आला. संपतला वाटलं आता जाईल. पण ती हळूच म्हणली, "केस?"

संपत मफलर सारखा करू लागला.

"दादा... केस?"

"कापले, ताई. सगळ्यांचेच कापले. उवा झाल्त्या. वाढतेत परत, पोरीच्या जातीला काय..."

ती ओरडली न्हाई. भांडली न्हाई. जागच्या जागी खाली बसली. कोणी पाय कापून टाकावे तशी.

संपत म्हणला, बसा ताई, च्या देतो, अन् केबिनमध्ये थर्मास घ्यायला गेला. ग्लास घेऊन फिरला, तर ती फाटकापाशी न्हवती. बाभळीखाली व्हती. पाठमोरी. फतकल मारून बसल्ती, अन् दोन्ही हात पुढ्यात चालू व्हते. एक वर. एक खाली. मधीच थांबून काहीतरी निवडायची. परत चालू.

"ताई, च्या."

हात थांबले न्हाईत.

"ताई..."

तेवढ्यात लाईट गेली.

अंधार. डोळ्यात बोट घातलं तर दिसणार न्हाई असा. फाटकाच्या गजाला धरून संपत उभा. वारा बिलकुल न्हाई. अन् त्या शांततेत आवाज... केसातून बोटं फिरत्यात ना, तसा. अन् त्याच्याखाली, अगदी बारीक, कोणीतरी पाढे म्हणून राह्यलं. बे एके बे. बे दुणे चार. चुकायचं. थांबायचं. परत पहिल्यापासून. शाळेत न गेलेल्या माणसानं लेकीच्या तोंडून ऐकून पाठ करावे, तसे.

मंग तेबी थांबलं.

लाईट आली तवा बाभळीखाली कोणी न्हवतं. संपतला वाटलं, गेली बिचारी. रविवारी येईल. च्या थंड झाल्ता, तो त्यानं सांडून दिला. त्या बाजूला जायची काही त्याची हिंमत झाली न्हाई.

पाचाची घंटा व्हायच्या आत मॅडमचा फोन वाजला. मुकादमाचा व्हता. मॅडम अंगावर शाल घेऊन तशाच फाटकाकडं आल्या. पांढऱ्या पडलेल्या.

म्हणल्या, "संपत, जीप बोलवावी लागते. मीनाला गावाला न्यायचंय. काल दिवस बुडताना उसाची ट्रॉली पलटी झाली. तिची आई उसावर बसलेली होती. जागेवरच..."

"काल कवा?" संपत म्हणला.

"दिवस बुडताना."

संपतनं कुलूप काढलं, अन् कडी सरकवायला हात बाहेर घातला. हाताला काहीतरी मऊ लागलं.

वेणी.

फाटकाच्या कडीला बाहेरून बांधलेली. एकच, जाड, कमरेएवढी लांब. तेलानं चकाकणारी. शेंड्याला रिबन न्हवती, उसाचं पान गुंडाळून गाठ मारल्ती.

तिकडं बाभळीखाली दगड बाजूला केलेला, पोत्याचं तोंड उघडं. आता इचार करा पोरहो. त्या पोत्यात सगळ्या पोरींचे केस व्हते. काळे, भुरके, कुरळे, सगळे झाडूनं एकात एक लोटलेले. दिवसाढवळ्या दहा बाया बसल्या तरी त्यातून एकीचे वेगळे काढता येणार न्हाईत. अन् इथं अंधारात...

मॅडमनं हात लावला अन् तोंडावर पदर धरला.

मीनाला तवर उठवून आणली व्हती. अंगात स्वेटर, गळ्यात पेटीची किल्ली, डोकं बोडकं. तिला अजून कोणी काही सांगितलं न्हवतं. तिनं कडीला पाह्यलं. जवळ गेली. ती गाठ सोडली न्हाई, वेणी तशीच अलगद काढून घेतली, नाकाशी धरली. मंग मानेपाशी नेऊन धरली, जिथं ती असायची तिथं.

अन् संपतकडं बघून म्हणली, "मामा, आई आत काहून न्हाई आली?"

संपत मला हे सांगताना इथं थांबतो. दर बारीला इथंच थांबतो. मोठा बाप्या माणूस, पण इथून पुढं त्याच्यानं बोलवत न्हाई. मीपण त्याला विचारत न्हाई.

पोरगी शिकती. बापानं काढून घ्यायचं म्हणल्तं, संगं तोडीला नेतो म्हणल्ता, तर हिनं पेटीला मिठी मारली अन् सोडली न्हाई. सातवीत हाये आता. केस खांद्यापर्यंत आल्यात, पण कोणाकडून वेणी घालून घेत न्हाई. सकाळी सगळ्या पोरी रांगेत बसत्या अन् ही नुसती शेजारी उभी राहून पाढे म्हणती.

ती वेणी तिच्या पेटीत हाये, शाळेच्या फ्रॉकखाली. संपतसंगं गेल्तो तवा मला तिनं दाखवली, म्हणून म्हणतो, ऐकीव न्हाई. उसाचं पान आपल्याला काय नवं हाये का? तोडलं का चार दिवसात वाळतं, हातात धरलं तर चुरा होतो. त्या गोष्टीला साल उलटून गेलं.

गाठ हिरवी हाये अजून.