जोडसायकलचे सहा रविवार

वळणावर एक बाई रस्त्याकडेला ओणवी होऊन उलट्या करत होती. शेजारी काळ्या खडकाला टेकून एक उंच तरुण भलीमोठी सायकल धरून उभा होता. सायकलला दोन सीटा, दोन हँडलं आणि पायडलांच्याही दोन जोड्या.

मागून एकटीच येणारी एक बसड्रायव्हर त्यांना बघून आपल्या सायकलवरून उतरली. सात वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला रस्त्यात कुणी अडलेलं दिसलं की पाय आपोआप खाली टेकतो.

"काय झालं?"

"ताईला मळमळतंय," तरुण तिच्या आवाजाच्या रोखाने, पण जरासा डावीकडे बघत म्हणाला. "मी म्हणतो आनंदाची बातमी आहे, ती म्हणते सकाळचं अंडं होतं."

"तू गप्प बस रे," ताई म्हणाली आणि पुन्हा ओणवी झाली.

त्याला दिसत नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. अकराव्या वर्षी नजर गेली, पुढे तो वकील झाला, आणि रविवारी ताई पुढे, तो मागे, अशी दोघं सायकल मारतात – हे सगळं त्याने दोन मिनिटांत सांगूनही टाकलं. तेवढ्यात ताईचा नवरा गाडी घेऊन आला. पण गाडीच्या टपावर ही लांबुडकी सायकल काही केल्या बसेना, आणि घर अजून अडतीस किलोमीटर लांब.

"मी नेते," ती म्हणाली. तिची स्वतःची सायकल टपावर चढली, ती जोडसायकलच्या पुढच्या सीटवर चढली, आणि तिच्या शांत आयुष्याचे बारा वाजले.

कारण असं, की ही बाई बोलायचीच नाही. बसमध्ये तिच्या डोक्यावर 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटी होती, आणि ती पाटी लिहिणाऱ्याचे ती मनातल्या मनात आभार मानायची. डेपोत तिला सगळे 'हं' म्हणत, कारण पगारवाढीपासून भूकंपापर्यंत सगळ्याला तिचं उत्तर तेवढंच. आणि जोडसायकलवर पुढच्या माणसाला गप्प राहून चालत नाही. हँडल त्याच्याकडे, ब्रेक त्याच्याकडे, गिअर त्याच्याकडे. दोघांच्या पायडलांना मात्र साखळीने एकत्र बांधलेलं. पुढचा थांबला की मागच्याचे पाय हिसका बसून थांबतात. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी सांगायची.

"खड्डा," ती म्हणाली.

सायकल दाणकन आदळली.

"अहो, खड्ड्यात गेल्यावर खड्डा आहे हे मलाही कळतं!" मागून आवाज आला. "आधी सांगा. आणि सविस्तर सांगा. मी फी घेत नाही ऐकायची."

घर येईपर्यंत ती जेवढं बोलली तेवढं एरवी महिन्याभरात बोलली नसती.

ताईचं अंडं नव्हतं, आनंदाची बातमीच होती. डॉक्टरांनी सायकल बंद केली. मावसभाऊ सहा आठवड्यांनी गावात परतणार होता, तो आला की पुढची सीट त्याची. "तोवर सहा रविवार येशील का गं?" ताईने विचारलं.

"हं," ती म्हणाली. या वेळी त्याचा अर्थ खरोखरच 'हो' होता. तिची सायकल तोवर ताईकडेच राहणार होती.

"एक अट," वकीलसाहेब म्हणाले. "दयेपोटी येणार असाल तर आत्ताच सांगा, मी घरी बसून रेडिओ ऐकेन. मागे एक गृहस्थ होते. चढ संपला की दर वेळी माझ्या पाठीवर थोपटायचे. मी म्हैस आहे असं वाटत असावं त्यांना."

"दया नाही," ती म्हणाली. बराच विचार करून पुढे म्हणाली, "मला चढ आवडतो."

फेरी एक्याऐंशी किलोमीटरची होती. गावाबाहेर थोडा सपाट रस्ता, मग नऊ किलोमीटरचा घाट, वर मैलोन्‌मैल पसरलेलं पठार, आणि तलावाच्या काठाने उतरत परत. पहिल्या रविवारी ती फक्त रस्ता सांगायची – डावं वळण, खडी, गिअर बदलतेय. दुसऱ्या रविवारी त्याने विचारलं, "आणि रस्त्याच्या बाजूला काय आहे? का तिथे काही ठेवलेलंच नाही?"

"डोंगर."

"कसा?"

"वरून सपाट. कडेला पायऱ्या पायऱ्या. कधीतरी इथे जमिनीतून लाव्हा आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला... तसे थर आहेत. काळे. मधूनच एक तांबडा."

"बघा! येतं की बोलता!"

तिचे कान तापले. बरं, त्याला दिसणार नव्हते. तो मागे असल्यामुळे तिलाही तो दिसत नव्हता. एकमेकांना न बघता दोघं तासन्‌तास एकमेकांच्या वीतभर अंतरावर असायची. पठारावर गवताचा ओलसर वास यायचा, भुरभुर पाऊस चेहऱ्यावर बसायचा, आणि मागून त्याचा श्वास ऐकू यायचा – चढावर तिच्याच श्वासाच्या तालात. थांबल्यावर मात्र ती त्याला मनसोक्त बघून घ्यायची. तो केळं सोलताना किती मन लावून सोलतो, हसण्याआधी त्याच्या भुवया कशा वर जातात... चोरी पकडली जायची भीतीच नव्हती.

पण पायडलावर चोरी पकडली जात होती.

"आता लक्ष कुठे गेलं होतं?" तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं. "पाय ढिले पडले तुमचे."

"ढग बघत होते."

"कसला?"

"...साधाच."

"साध्या ढगासाठी कुणी पाय ढिले सोडत नाही. साक्षीदार काहीतरी लपवतेय."

साक्षीदार लपवत होतीच. ती मनात म्हणत होती, आता तीनच रविवार राहिले.

चौथ्या रविवारी उतारावर मेंढ्या आल्या. सात वर्षांच्या सवयीने तिने आधी ब्रेक दाबला आणि "मेंढ्या!" मागाहून ओरडली, तोपर्यंत दोघं सायकलसकट तांबड्या मातीत पडली होती. एक मेंढी त्याच्या कानाशी येऊन बें बें करत होती.

"मूर्खा, हात दाखव! बोटं हलव! हलव म्हणते ना!"

"हलतायत," तो म्हणाला. "पण एकदम मूर्खा? काल-परवापर्यंत वकीलसाहेब होतो मी."

बाटलीतल्या पाण्याने तिने त्याचं कोपर धुतलं, आपला रुमाल बांधला. गाठ मारून झाली तरी हात सोडायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"रडतेयस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानेही हात काढून घेतला नाही. अहो-जाहो त्या मातीतच राहिलं.

पाचवा रविवार कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही, आणि मावसभाऊ आला. चांगला माणूस होता बिचारा. त्याने नवीन हेल्मेटही घेतलं होतं. आठवडाभर ती बस चालवताना एक वाक्य पाठ करत होती. एकदा सिग्नलला ते मोठ्याने निघालं, तर पहिल्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, मला म्हणालीस का?"

वाक्य तयार होतं, पण म्हणायचं कसं? तो म्हणणार, झालं, हिलाही आली माझी दया. फक्त ही पाठीवर थोपटत नाही, एवढाच फरक. आणि म्हटलं नाही, तर आज संध्याकाळी सगळं संपणार होतं. पुढच्या रविवारी ती एकटीच्या सायकलवर, आणि हा दुसऱ्याच्या मागे.

सहाव्या रविवारी घाट चढून झाला, पठार मागे पडलं, तलावही मागे पडला, तरी वाक्य आतच होतं. शेवटचे पाच किलोमीटर सुरू झाले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "दर रविवारी इथे आलं की तुझे पाय जड होतात. घाटात होत नाहीत. इथे तर रस्ता सपाट, वारा पाठीमागून. आधी वाटलं दमतेस. मग वाटलं कंटाळतेस. पण कंटाळलेलं माणूस घाई करतं. आणि आज तर... एक आजोबा आत्ता चालत आपल्या पुढे गेले. काठी ऐकली मी त्यांची."

"हं."

"'हं' हे उत्तर कोर्टात चालत नाही."

तिने हँडल घट्ट धरलं.

"पोचावंसं वाटत नाही," ती म्हणाली. "पोचलं की तू घरी जाणार, मी डेपोत. पुढच्या रविवारी तो इथे बसणार, आणि तो तुला सांगणार खड्डा, वळण, संपलं. तांबडा थर सांगणार नाही. आणि दया नाहीये ही! तुझी कसली दया? सहा रविवार उलटतपासणी घेऊन तूच छळलंयस मला. मला तू आवडतोस. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य वेगळं होतं, फार चांगलं होतं... ते विसरले मी."

पायडलं थांबली. तिने थांबवली नव्हती.

"सांगून थांबायचं असतं," ती म्हणाली.

"सांगतो," तो म्हणाला. सायकल आपल्या वेगाने तशीच पुढे जात होती. "मी दुसऱ्या रविवारपासून विचारणार होतो. पण आंधळ्या माणसाला 'नाही' म्हणायला लोकांच्या जिवावर येतं गं. मी विचारलं असतं आणि तू 'हो' म्हणाली असतीस, तर ते 'हो' खरं की नुसतं चांगुलपणाचं, ते मला जन्मभर कळलं नसतं. म्हणून थांबलो होतो. तू बोलेपर्यंत. आणि तू तर बोलतच नाहीस!"

ती हसली, डोळे पुसायला एक हात सोडला, आणि सायकल अशी डगमगली की दोघंही ओरडली.

"डावीकडे वळण येतंय," जरा वेळाने ती म्हणाली.

"घराचं?"

"हो. पण घेत नाहीये. सरळ जातेय. सरळ गेलं की पुन्हा घाट लागतो."

"पुन्हा? नऊ किलोमीटर?"

"पाय दुखतायत का?"

उत्तर म्हणून मागून पायडलावर असा जोर आला, की तिचे पाय आपोआप फिरायला लागले. मग त्याने खिशातून फोन काढला.

"ताई, जेवायला थांबू नका, उशीर होईल... नाही गं, पडलो नाही... हो. हो, बोलली." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "नाही, नाही, 'हं' नव्हे... बरंच बोलली. ताई, तू रडू नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?"

"खडी आहे, उजवीकडून घेते," ती पुढून म्हणाली. "आणि ताईला म्हणावं, माझी सायकल अजून महिनाभर तुमच्याकडेच राहू दे."