सापडल्याची घोषणा

लाट कुठे फुटते, वाळू वर्षाला किती सरकते, बंधाऱ्याचा दगड किती वजनाचा हवा, हे माझ्या पीएचडीचे विषय. तोक्योतल्या एका विद्यापीठात माझं हे चौथं वर्ष, आणि राहते मी इचिकावाला. आमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये सहल निघाली की आखणी आपोआप माझ्याकडे येते. "कौमुदीचं टाइमटेबल म्हणजे जपानी रेल्वे," असं शशांक म्हणतो, आणि मला ते आवडतं.

मार्चच्या मधल्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं तोक्योजवळच्या बोसो द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने चालायला गेलो. शशांक मूळचा ठाण्याचा, संख्याशास्त्र शिकणारा. आदित्य वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तोक्योतल्या हिगाशी-कसाईत वाढलेला. मराठी सगळं समजतं, पण घाईत असला की उत्तर जपानीत देतो. आणि उल्का. तेवीस वर्षांची, इस्लामपूरची, ऑक्टोबरमध्येच आलेली. भाषाशाळेत जाते, माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. ती माझ्याकडे डबा घेऊन येते आणि तास तास बोलत बसते. तिची आई दर रविवारी मला फोन करते. या सहलीसाठी त्यांची परवानगीसुद्धा मीच काढली होती. "काकू, माझ्याबरोबर येतेय ती," एवढं मी म्हटलं आणि विषय संपला.

शनिवार छान गेला. गावाचं नाव मी लिहीत नाही. सोतोबो लाईनवरच्या एका लहान स्टेशनपासून दोन तास चाललं की ते लागतं. एक बंदर, वीस-पंचवीस होड्या, डोंगराला टेकून उभी असलेली घरं. दोऱ्यांवर वाकामे वाळत घातलेलं. ही समुद्रातली हिरवी भाजी ओली असताना चकाकते आणि वाळली की चामड्यासारखी काळी पडते. एका घरगुती खानावळीत वर खोल्या होत्या, तिथे आम्ही उतरलो. उल्काने मालकिणीला मोडक्या जपानीत इस्लामपूरचा नकाशा काढून दाखवला. बाई हसून हसून दमल्या.

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही बंदरावरून निघालो तेव्हा खांबावरचा भोंगा वाजला. जपानात गावोगावी असे भोंगे असतात. भूकंप, वणवा, त्सुनामी, सगळ्याची सूचना त्यातून येते आणि संध्याकाळी पाचला गाण्याची एक धून वाजते. बाईचा आवाज होता. भोंग्यांचा आवाज डोंगरावर आपटून घुमतो, म्हणून त्या बाई एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या.

"काय म्हणतेय?" शशांकने विचारलं.

"कोणीतरी हरवलंय," आदित्य म्हणाला. "बाई आहे. वय वीस ते तीस. उंची एकशे पंचावन्न. पिवळा रेनकोट, निळी सॅक." त्याने भोंग्याकडे पाहिलं. "नेहमी म्हातारी माणसं हरवतात. यंग कोणी म्हणजे... मेझुराशी." दुर्मीळ, असं त्याला म्हणायचं होतं.

शशांक उल्काच्या निळ्या सॅकवर थाप मारून म्हणाला, "चला, उल्काबाईंना शोधतायत."

"माझं जॅकेट लाल आहे," उल्का म्हणाली. "आणि मी एकशे छप्पन आहे."

"कधीपासून हरवलीय?" मी विचारलं.

"आज दुपारी तीन चाळीसला शेवटची दिसली म्हणे. म्हणजे काल असेल. मी चुकीचं ऐकलं."

मला ते पटलं. माझ्याही कानावर 'आज' आलं होतं, पण घुमणाऱ्या आवाजात 'क्यो' म्हणजे आज आणि 'किनो' म्हणजे काल यांची गल्लत सहज होते.

दीपगृहाखालच्या खडकाळ किनाऱ्यावर दुपारी जायचं ठरलं होतं. त्याआधी पुढच्या लहान बंदरावर आम्ही जेवायला थांबलो. एक वाजून गेला होता. कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातून, आणलेल्या ओनिगिरी, भाताचे गोळे, खाऊन उल्का हात धुवायला धक्क्याच्या कडेला गेली आणि एक लाट उसळून वर आली. मी धक्क्याची उंची बघितली होती, भरतीची वेळ बघितली होती, वारा बघितला होता. त्या धक्क्यावर पाणी चढायचं काही कारण नव्हतं. उल्का कमरेपर्यंत भिजली, वरून जॅकेटही चिंब. ती किंचाळली आणि लगेच हसायला लागली.

"ताई, तुझ्या लाटेला सांग ना जरा!"

जवळच एक म्हातारी वाकामेच्या दोऱ्या उलटवत होती. सत्तरीपुढची, पाठ वाकलेली, हातात गुलाबी रबरी मोजे. ती शेडमध्ये गेली आणि एक कोरडी पँट आणि एक रेनकोट घेऊन आली.

रेनकोट पिवळा होता.

शशांकने त्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "कोळ्यांचे रेनकोट पिवळेच असतात. समुद्रात दिसावेत म्हणून." हे खरंच होतं. उल्काने तो घातला. बाहीतून हात बाहेर काढताना तिच्या डाव्या मनगटावरचा काळा दोरा अडकला, तो तिने सरळ केला. लाल जॅकेट पिशवीत गेलं.

पावणेदोनला भोंगा पुन्हा वाजला. या वेळी वारा पडलेला होता आणि मला आदित्यची गरज लागली नाही. हरवलेल्या व्यक्तीची माहिती. स्त्री, वय तेवीस. परदेशी विद्यार्थिनी. उंची एकशे छप्पन. पिवळा रेनकोट, निळी सॅक. डाव्या मनगटाला काळी दोरी. आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी दीपगृहाच्या किनाऱ्याजवळ शेवटची दिसली. कुणाला आढळल्यास कळवावे.

उल्काने बाही खाली ओढली.

"ही काय गंमत आहे?" शशांकचा आवाज चढला. "कोण बोलतंय हे?"

मी फोन काढला. भीतीपेक्षा मला राग आला होता, आणि राग आला की मी कामाला लागते. नगरपालिकेचा नंबर खांबावरच लिहिलेला होता. रविवारच्या ड्युटीवरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, वही चाळल्याचा आवाज आला. आज सकाळपासून एकही घोषणा झालेली नाही, तो म्हणाला. यंत्रणा चालू करायची किल्ली त्याच्याच समोर लटकलेली होती. पाचची धून तेवढी आपोआप वाजेल.

आदित्य म्हातारीशी बोलून परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तिला विचारलं, तुम्हाला ऐकू आलं का. ती म्हणाली, कधी कधी येतं. मग तिने मला विचारलं..." तो मराठी शब्द शोधू लागला. "तिने विचारलं, शोधण्याचं ऐकलंत की सापडल्याचं?"

"मग?"

"मी म्हटलं, शोधण्याचं. ती म्हणाली, मग अजून वेळ आहे."

म्हातारी पुन्हा दोऱ्यांकडे वळली होती. मी तिघांना जवळ बोलावलं. माझा आवाज तेव्हा अगदी नेहमीसारखा होता, हे शशांकनेही नंतर सांगितलं.

"कोण चेष्टा करतंय ते मला माहीत नाही. दीपगृहावर आपण जात नाही. वरच्या रस्त्याने थेट स्टेशन गाठायचं. सहा किलोमीटर, दीड तास. तीन चाळीसला आपण स्टेशनच्या बाकावर बसून संत्री खात असू. उल्का, तू माझ्या शेजारून हलायचं नाहीस."

"ताई, मला भीती वाटतेय."

"वाटू दे. चालत राहा."

मी तिचं डावं मनगट धरलं. दोऱ्याची गाठ माझ्या तळव्याला टोचत होती. ती मला बरी वाटली. रेनकोट काढून टाक, असं शशांक म्हणाला. पण खाली नुसता भिजलेला टीशर्ट होता आणि वारा बोचरा. थंडीने आजारी पडण्याची शक्यता खरी होती, बाकीचं सगळं नुसतं ऐकीव. मी रेनकोट राहू दिला.

वरचा रस्ता समुद्रापासून लांब, झाडीतून जातो. उल्काला धीर यावा म्हणून मी तिला बोलतं ठेवलं. तिने तिच्या धाकट्या भावाने शाळेत काय उद्योग केले ते सांगितलं, मग आई गाडी चालवायला कशी शिकली ते. तीन किलोमीटरवर दरड कोसळल्यामुळे रस्ता बंद होता. हेल्मेट घातलेल्या रखवालदाराने वाकून माफी मागितली आणि हाताने जुना रस्ता दाखवला. तो डोंगराला वळसा घालून जात होता. माझं टाइमटेबल तिथे चुकलं.

त्या रस्त्यावर एक बोगदा लागला. हाताने खोदलेला, कुदळीचे घाव भिंतीवर तसेच राहिलेले, एक लहान ट्रक गेला तर दोन्हीकडे हातभर जागा उरेल एवढा. पलीकडचं तोंड नाण्याएवढं दिसत होतं. घड्याळात तीन सदतीस झाले होते.

"इथेच थांबू या का?" आदित्यने विचारलं.

मी विचार केला. दीपगृह मागे चार किलोमीटर. आजूबाजूला समुद्र नाही, कडा नाही, पाणी नाही. तीन चाळीसला उल्का डोंगराच्या पोटात असेल आणि तिचं मनगट माझ्या हातात असेल. याहून सुरक्षित जागा शोधूनही सापडली नसती.

"चला," मी म्हटलं.

आत गार होतं. छतातून थेंब पडत होते. थोडं आत गेल्यावर पायाखाली रेती लागली. बोगद्यात रेती कुठून आली, असं माझ्या मनात आलं, आणि मग वास आला. वाकामेचा, ओल्या दोरांचा.

समोरून ट्रक आला.

त्याचे दिवे डोळ्यांवर पडले. शशांक ओरडला, "भिंतीला लागा!" ट्रक इतका जवळ आला होता की आम्हा दोघींना एकाच बाजूला जायला वेळ नव्हता. मी उल्काला डाव्या भिंतीशी ढकललं आणि स्वतः उजव्या भिंतीला पाठ लावली.

म्हणजे मी तिचा हात सोडला.

ट्रक आमच्यामधून गेला. पाच सेकंद. फार तर सहा. इंजिनाचा आवाज भिंतींवर इतका आदळत होता की दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मग पुन्हा अंधार. मी हात पुढे केला. मनगट माझ्या हाताला लागलं, बर्फासारखं गार.

"उल्का?"

"हो."

मी ते घट्ट धरलं आणि चालू लागले. बाहेर आलो तेव्हा तीन त्रेचाळीस झाले होते. शशांकने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. आदित्य तर रस्त्यावरच बसला. उल्का हसली. तिच्या रेनकोटवरून पाणी निथळत होतं. छतातले थेंब, मी म्हटलं.

स्टेशनपर्यंत ती फारशी बोलली नाही. दमली होती. बाकावर मी तिला जागा करून दिली तेव्हा ती म्हणाली, "नको, तुम्ही बसा ना."

मला जरा लागलं. ती मला पहिल्या दिवसापासून 'ताई, तू' म्हणते. हात सोडल्याचा राग आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तिला संत्रं सोलून दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं.

पाचला धून वाजली. ती संपल्यावर भोंगा बंद झाला नाही. तोच सावकाश बोलणारा बाईचा आवाज.

आदित्यने श्वास रोखून ऐकलं आणि मग मोठ्याने हसला. "सापडली! हरवलेली व्यक्ती सुखरूप सापडली. सहकार्याबद्दल आभार."

"संपलं एकदाचं," शशांक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी उल्काच्या खांद्यावर हात टाकला. तीही आमच्याबरोबर हसली, आमच्यापेक्षा क्षणभर उशिरा.

गाडी पाच वाजून बारा मिनिटांनी निघाली. डब्यात आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं. शशांक आणि आदित्य पुढच्या बाकावर लगेच झोपले. उल्का माझ्या समोर खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती, रेनकोट अजून अंगावरच. मी काकूंना मेसेज टाइप करायला घेतला, की आम्ही परतीच्या गाडीत बसलो आहोत.

तेवढ्यात फोन थरथरला. अनोळखी नंबर, तिकडचाच कोड.

"कौमुदी-सान का?" पुरुषाचा आवाज, नम्र. गावच्या पोलीसचौकीतून बोलतोय, तो म्हणाला. उल्का-सान सापडल्या आहेत. दीपगृहाच्या किनाऱ्यावर. गारठल्या आहेत, पण इजा काही नाही. तुमचा नंबर त्यांनीच दिला. त्यांना न्यायला तुम्ही किती वाजता येऊ शकाल?

"काहीतरी चूक होतेय," मी हळू आवाजात म्हटलं. "ती माझ्यासोबत आहे. माझ्यासमोर बसलीय."

तो म्हणाला, "एक मिनिट. त्यांना बोलायचं आहे. मला त्यांची भाषा कळत नाही."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज. दातावर दात वाजत असल्याचा आवाज.

"ताई," उल्का म्हणाली. हुंदक्यांनी तिला धड बोलता येत नव्हतं. "ताई, मी किती हाका मारल्या तुला. मी इकडे उभी होते ना. तू तिचा हात का धरलास?"

गाडी बोगद्यात शिरली आणि फोन तुटला.

खिडक्या काळ्या झाल्या. मी फोन मांडीवर उलटा ठेवला. चाकांचा आवाज तेवढा येत होता. समोर ती तशीच बसली होती, डोकं काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले, संत्रं दोन्ही हातांत.

"अजून रडतेय का हो ती?" तिने विचारलं.