मीटर शून्यावर

मिस्त्रीला एक खोड होती. कुठलीही जुनी स्कूटर आली, की तो पहिल्याच दिवशी मीटर उघडायचा, चिंधीने पुसायचा, तेल द्यायचा आणि सगळे आकडे शून्यावर आणून ठेवायचा. "गाडीचा नवा जन्म," म्हणायचा. बायको म्हणायची, "तुमचं वयही असंच शून्यावर आणा एकदा." दोघं हसायची. ही खोड अंगाशी येईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पोलिसांची ती निळी स्कूटर शाळेतल्या बाईंनी आणली होती. खात्याच्या भंगारातून, नंबर ओळखून विकत घेतलेली. बाईंचे वडील पोलीस शिपाई. चाळीस वर्षांपूर्वी ते याच स्कूटरवरून ड्युटीला गेले आणि परतलेच नाहीत. खात्याने लिहून टाकलं, बायकापोरं टाकून पळून गेला.

"आई शहाऐंशीची आहे," बाई म्हणाल्या. "अजून विचारते, ते मला टाकून गेले का गं? ती आहे तोवर मला उत्तर हवंय. रंगाला हात लावण्याआधी गाडीचा इतिहास काढा."

म्हणून एका सकाळी मिस्त्री पोलिसांच्या दप्तरखान्यात गेला. तिथलं जुनं कपाट न् कपाट एका निवृत्त हवालदाराला ठाऊक, म्हणून अजून त्यालाच बोलावत. अंगाने चांगला भरलेला, बोलायला गोड. त्याने धूळ झटकून स्कूटरचं लॉगबुक काढलं. शेवटची नोंद होती : सकाळी अकरा, दगडखाणीवरच्या चोरीची चौकशी, निघताना मीटर आठ हजार एकशे बारा. परतल्याचा रकाना कोरा.

"खाणीवर गेलाच नाही तो," हवालदार म्हणाला. "सरळ रेल्वे स्टेशन गाठलं. आगगाडीत चढताना मी पाहिला, जबाबही मीच दिला. स्कूटर स्टेशनबाहेर सापडली, ट्रकमध्ये घालून आणली. पुढे कुणी चालवली नाही."

मिस्त्रीने मनात गणित मांडलं. चौकीपासून स्टेशन तीन किलोमीटर. खाण उलट्या बाजूला, नऊ. सरळ स्टेशनला गेला असेल तर मीटर तीनने पुढे. आधी खाणीवर गेला असेल तर एकवीसने. म्हणजे मीटर बघितला की... त्याला आपली चिंधी आठवली.

"मीटरवर काय आकडा आहे?" हवालदाराने सहज विचारलं.

"मी शून्यावर आणला..."

हवालदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ द्या हो. झालं गेलं."

दुपारी मिस्त्री गॅरेजमध्ये डोकं धरून बसला. एका म्हातारीचं उत्तर आपण चिंधीने पुसून टाकलं, ह्याची त्याला भयंकर लाज वाटत होती. इंजिन टेबलावर होतं, पुढचं चाक भिंतीला टेकलेलं, मीटरची तार नुसती लोंबत होती.

टक्.

त्याने मान वर केली. मीटरवर एकाचा आकडा होता. पुढच्या सीटची स्प्रिंग बोटभर खाली गेली होती, कुणी हलक्या अंगाचं माणूस बसावं तशी. टक्... दोन. टक्... तीन. तीनवर थांबलं नाही. ओल्या दगडाच्या भुकटीचा वास हळूहळू गॅरेजभर पसरला.

नवावर थांबलं. स्प्रिंग सावकाश वर आली. मग बराच वेळ काही नाही... आणि मग पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज.

कर्र... कट्. सीट पुन्हा दबली. या वेळी चांगली चार बोटं. आकडे आता घाईने पळू लागले, दहा, अकरा, बारा... एकवीसला थांबले.

संध्याकाळी त्याने बाईंना सगळं सांगितलं. वेड्यात काढतील असं त्याला वाटलं होतं. बाईंनी फक्त विचारलं, "नवावर थांबलं ना? नक्की?"

बाईंनी अर्ज केले, हेलपाटे घातले, खाणीतलं पाणी उपसायला लावलं. चौथ्या दिवशी तळाशी हाडं सापडली, आणि वडिलांच्या नंबरचा पितळी बिल्ला. तो आईच्या हातात देऊन बाई म्हणाल्या, "त्यांनी टाकलं नव्हतं आई." म्हातारीने बिल्ला पदराने पुसला. "मग इतकी वर्षं मी उगाच भांडले त्यांच्याशी," म्हणाली, आणि किती वर्षांनी शांत झोपली.

स्कूटर तयार झाली. बाई न्यायला आल्या त्या सकाळी हवालदारही आला.

"ऐकलं मी. बिचारा. माझीच नजर चुकली असणार तेव्हा," म्हणत त्याने निळ्या रंगावरून हात फिरवला आणि न विचारता पुढच्या सीटवर बसला.

कर्र... कट्.

मिस्त्रीने बघायचं नाही ठरवलं होतं, तरी बघितलं. चार बोटं.

"हवालदार..." तो एक पाऊल मागे सरला. "उतरा खाली..."

हवालदार उतरला नाही. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं आणि दोन्ही हात हँडलवर घट्ट आवळलेले होते. मागे वळून न बघता त्याने हळूच विचारलं, "माझ्या मागे कोण बसलंय?"

मागे कुणीच नव्हतं. फक्त मागची सीट बोटभर दबली होती, आणि तिच्या कोऱ्या कव्हरवरून पाणी टपकत होतं.