रहाटणीच्या फ्लॅटमधला रणगाडा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या मे महिन्यातला रविवार, भर दुपार, रहाटणीतला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

माझा नवरा भीमराज चाकणला एका कंपनीत पेंट शॉपला आहे. सुट्टीत तो युद्धातल्या रणगाड्यांची मॉडेल्स बनवतो. वीतभर लांबीची. त्यांवर गंज, चिखल, ऑइलचे ओघळ असे चढवतो की खरंच वाटावं.

निगडीचे बबनराव एका रणगाड्याचा फोटो घेऊन आले. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्यावर तोफ चालवायचे.

"हाच पायजे. जळालेला."

फोटोत ड्रायव्हरचं झाकण, म्हणजे त्याची आतबाहेर करायची वाट, बंद होतं. भीमराजने तसंच चिकटवलं. वर तोफेचा बुरूज न चिकटवता नुसता बसवला, फिरता.

दुसऱ्या दिवशी बुरूज उजवीकडे वळलेला. तोफेची नळी बरोबर त्या झाकणावर.

"तू हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

त्याने फोटोत होता तसा सरळ केला. सकाळी पुन्हा तिथंच...

असं पाच दिवस.

रविवारी बबनराव मॉडेल न्यायला आले. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला.

आणि टेबलावरून आवाज आला...

टक... टक...

आतून.

बबनरावांनी नळीकडे पाहिलं.

"तुमाला कुनी सांगितलं हे?"

"काय, काका?"

"गोळा लागला तवा नळी अशीच व्हती. ड्रायव्हरच्या झाकनावर. नळी बाजूला केल्याबिगर त्याला उघडता येत न्हाई. ड्रायव्हर मुरारी आतनं ठोकत व्हता... मी उडी मारून पळालो."



टक... टक... टक...

बबनरावांनी बोट पुढे केलं. नळी हळूच डावीकडे सारली.

"ये बाबा. ये भाईर."

आवाज थांबला.

मग ते झाकण... ज्याला भीमराजने माझ्यासमोर गोंद लावला होता... सावकाश उघडलं. आत नुसता काळोख. घरभर जळक्या डिझेलचा वास.

बबनराव लहान मुलासारखे रडले. मॉडेल छातीशी धरून घेऊन गेले.

आठवड्याने त्यांच्या बायकोचा, सुमनताईंचा फोन आला. "ह्यांना आता शांत झोप लागते गं. मॉडेलपण गप्प आहे."

बरं वाटलं.

पण मुरारी बाहेर आला, तो आमच्या घरात.

घरात आम्ही दोघंच. सकाळी भरलेला माठ दुपारपर्यंत अर्धा होतो. फरशीवर कुठे थेंब नाही. माठ बदलून पाहिला, तरी तेच.

"उन्हाळा आहे, आटत असेल," भीमराज तेव्हा म्हणाला होता.

आता डिसेंबर चालू आहे. माठ तरीही अर्धा होतो.

मी रोज माठ भरते.