ओळंबा आणि मागची भिंत

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली, आणि तिच्या हातातला चहा थेट त्याच्या शर्टावर.

"अगं बाई... माफ करा हं—"

"असू द्या. तुमच्याकडेच निघालो होतो, वाटेतच पाहुणचार झाला."

तो स्टुडिओचा फोटोग्राफर. ती तिथेच फोटो दुरुस्त करायची. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललं तरी तिचा जीव वरखाली होई, म्हणून सगळे तिला गवंड्याच्या वजनाच्या दोरीवरून ओळंबा म्हणत. त्याच्या फोटोंतल्या इमारती नेहमी तिरक्या, आणि ती त्या शेकड्यांनी एका दमात सॉफ्टवेअरमधून ताठ उभ्या करी. त्याने टेबलाशी येऊन हसावं, तिने मान खाली घालावी... वर्षभरात गाडी एवढीच पुढे सरकली होती.

आज तो कॅमेऱ्याचं कार्ड तिच्या हाती देऊन शर्ट धुवायला गेला आणि तिने सवयीने दोनशे फोटो रांगेत लावले, सगळ्या भिंती सरळ केल्या, मूळ फोटोंवरच साठवल्या. कार्डही पुसून टाकलं.

तो परतला. "चहाच्या गडबडीत सांगायचं राहिलं. या फोटोंना हात लावू नका हं. यातल्या इमारतीची मागची भिंत कललीय म्हणतात. पालिकेच्या इंजिनिअरबाई दुपारी फोटो बघून ठरवणार, लोकांना बाहेर काढायचं की नाही. माझी मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते."

पडद्यावर भिंत कशी शहाण्यासारखी उभी होती! गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण उद्या ती कोसळली तर? आणि खरं सांगितलं, तर हा माणूस पुन्हा या टेबलाशी येईल?

"मी... सगळे सरळ करून टाकलेत. मूळ एकही उरला नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता हा ओरडणार, म्हणून तिने डोळे मिटले.

"चला, पुन्हा काढू," तो म्हणाला.

ती दोघं इमारतीमागे पोहोचली, तेव्हा मावशीने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओळंब्यासारखी लांब दोरी सोडली, टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधून. त्याचं झुलणं थांबवायला कुणीतरी भिंतीच्या पायथ्याशी उभं राहायला हवं होतं. चूक तिची, म्हणून तीच गेली. वरून गिलाव्याची भुकटी तिच्या केसांत पडली.

"भीती वाटतेय?" कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"खूप—"

"मग माझ्याकडे बघ. एक सांगू? मी वर्षभर कॅमेरा मुद्दाम तिरका धरतोय. सरळ फोटो तुझ्या टेबलावर येतच नाहीत ना..."

"हे आत्ता सांगायचं? भिंतीखाली?"

"एरवी धीरच होत नाही. मला भिंतीपेक्षा तुझीच भीती वाटते."

तिला हसू आलं आणि रडूही. तेवढ्यात वर काहीतरी कडकलं. त्याने बटण दाबलं आणि ओरडला, "पळ!" ती धावली ती थेट त्याच्या छातीवर येऊन आदळली. सकाळच्या चहाचा वास अजून शर्टाला होता.

दुपारी इंजिनिअरबाईंनी फोटो पाहिला. वर खिडकीशी दोरी भिंतीला टेकलेली, खाली चांगलं वीतभर अंतर, म्हणजे भिंत तेवढी बाहेर झुकलेली. "संध्याकाळच्या आत सगळ्यांना बाहेर काढा," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत, "आणि ही मुलगी दोरी सोडून बघतेय कुणीकडे?"

बोचकं सांभाळत बसलेली मावशी खुदकन हसली.

"एवढा एक फोटो सरळ करू नकोस," तो तिच्या कानाशी म्हणाला.

तिने आज पहिल्यांदाच मान वर ठेवली. "नाही करणार. पण उद्यापासून कॅमेरा नीट धर. मी येईन ना तुझ्याकडे... आपण होऊन."