पावणेदोन मिनिटं गेली कुठे?

"अकरा पंचावन्न!" ताईचे धावण्याचे सर ओरडले आणि त्यांनी स्टॉपवॉच असं उंच धरलं, की बघणाऱ्याला वाटावं शर्यत तेच धावले!

ताई धापा टाकत गवतावर बसली. परवा याच सहा फेऱ्यांना, म्हणजे चोवीसशे मीटरला, तिला तेरा मिनिटं चाळीस सेकंद लागले होते. आणि आज अकरा पंचावन्न! शेजारच्या घरातल्या भोंगा नावाच्या पोराने अशी आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले. (भोंग्याला गुपित सांगायचं म्हणजे गल्लीभर दवंडी पिटायची.) सुट्टीला आलेला आतेभाऊ, पेडल, सायकलवरच उड्या मारायला लागला. तो सायकलवरून उतरतो फक्त जेवायला आणि झोपायला.

नाचली नाही ती एकटी शंकी. ताईची ही धाकटी बहीण, वय वर्षं अकरा. दूध नासलं तर ही विचारणार, "आपोआप नासलं, की कुणी नासवलं?"

"दोन दिवसांत पावणेदोन मिनिटं?" ती पुटपुटली. "असं कसं?"

"झाली हिची सुरुवात!" भोंगा म्हणाला.

पण प्रश्न साधा नव्हता. चार आठवड्यांनी ताई सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल होणार होती. तिथे पहिल्याच दिवशी धावण्याची चाचणी असते. चोवीसशे मीटर, तेरा मिनिटांच्या आत. एक सेकंद जास्त झाला तरी बॅग उचला आणि घरी चला! पुन्हा अर्ज करावा, तर वयाची अट आडवी येणार. यासाठी ताईने औषधांच्या दुकानातली नोकरी सोडली होती. पाठीवर विटांची पिशवी बांधून ती रोज टेकडी चढायची, संध्याकाळी अंगणात जोर काढायची. तिला हेच हवं होतं, लहानपणापासून.

घरी न्याहारीला श्रेयाची वाटणी सुरू झाली.

"मी म्हटलंच होतं, नऊला झोपत जा. बघ झोपेचा गुण!" आई म्हणाली.

"झोप कसली? बुटांत नवे तळ कुणी घातले?" बाबांनी मिशीवर हात फिरवला.

दारातून सर आले ते बोलतच. "माझं श्वासाचं तंत्र! दोन पावलं आत, तीन पावलं बाहेर! आता टेकडी बंद, विटा बंद. रोज दोन फेऱ्या पुरेत. अंग जपायचं!"

"झोप, तळ आणि श्वास, तिन्हींचाही गुण एकाच दिवशी कसा आला?" शंकीने विचारलं.

"तू गप खा!" तिघेही एका सुरात म्हणाले.

आठवडा गेला. ताई दोन फेऱ्या धावायची आणि गाणं गुणगुणत घरी यायची. विटांच्या पिशवीवर धूळ बसली. शंकीला मात्र घास गोड लागेना.

"आधी स्टॉपवॉच तपासू," ती म्हणाली. पेडलने आपलं घड्याळ त्याच्या शेजारी धरलं. दहा मिनिटांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही!

"मग उरलं मैदान," शंकी म्हणाली.

"मैदान काय चोरीला जातंय?" भोंगा हसला.

तिघे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला निघाले. वळण जेमतेम दिसायला लागलं, तोच मैदान सांभाळणारे काका हात हलवत धावत आले. एरवी हाक मारून पेरू देणारा माणूस, पण आज नूरच वेगळा!

"ए पोरांनो! तिकडे जायचं नाही! साप आहे तिकडे!"

"केवढा?" भोंग्याने डोळे विस्फारले.

"हा... एवढा!" काकांनी हात पसरले, मग जरा आवरते घेतले. "चला, पळा!"

तिघे मुकाट्याने फिरले. कुंपणाशी येऊन शंकीने मागे पाहिलं. काका वळणाजवळच्या गवताच्या ढिगाला टेकून निवांत डबा उघडत होते!

"सापाशेजारी बसून कुणी जेवतं?" शंकी दात-ओठ खात म्हणाली. "दाल में... नाही, या ढिगात काहीतरी काळं आहे!"

दुसऱ्या दिवशी बेत ठरला. शंकीने आईची शिवणाची टेप पळवली आणि पेडलच्या सायकलचं पुढचं चाक मोजलं. चाकाचा एक फेरा म्हणजे दोन मीटर दहा सेंटिमीटर. टायरला त्यांनी लाल चिंधी बांधली.

"चारशे मीटरच्या फेरीला चिंधी एकशे नव्वद वेळा वर यायला हवी," पेडलने हिशेब केला.

"आणि काका?"

"ते माझ्याकडे लागले!" भोंग्याने छाती ठोकली.

काकांचा जीव की प्राण म्हणजे गवत कापायचं यंत्र. भोंगा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काका, बाबा म्हणतात ही यंत्रं वर्षभरात खटारा होतात. तुमचं इतकं सुरळीत कसं हो चालतं?" झालं! काकांनी बाह्या सरसावल्या आणि पात्यापासून तेलापर्यंत सगळी कुंडली मांडायला घेतली.

इकडे पेडल पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून सायकल हाकत होता आणि शंकी बाजूने धावत मोजत होती. "एकशे चौसष्ट... पासष्ट... सहासष्ट..."

आणि फेरी संपली!

"चुकलीस तू," पेडल म्हणाला.

"पुन्हा चल!"

पुन्हा एकशे सहासष्ट. चोवीस फेरे कमी! म्हणजे प्रत्येक फेरीत पन्नास मीटर गायब, सहा फेऱ्यांत तीनशे!  शंकी ढिगामागे डोकावली. साप कुठला नि काय कुठलं! जमिनीतला नळ फुटून तिथे चांगलं डबकं साचलं होतं आणि त्या चिखलात जुन्या रेघेचा पांढुरका माग दिसत होता. नवी रेघ वळण टाळून आतूनच काढली होती आणि जुनी ढिगाआड अशी झाकली होती, की धावणाऱ्याला कळूही नये!

ती धावत घरी गेली. ताईने सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"सायकलला चिंधी बांधून मैदान मोजतेस? सर वीस वर्षं शिकवतायत, त्यांना कळत नाही? माझं जरा चांगलं झालेलं बघवत नाही का गं तुला?"

शंकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती हटली नाही. "तू तिथून बॅग घेऊन परत यायला नकोस, ताई. म्हणून सांगतेय."

 ताईने खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सरांनी तर हसून उडवून लावलं. "अगं, मैदान काय काल बांधलंय? चारशे म्हणजे चारशे!" सर तरी काय करणार? ते बसायचे अलीकडच्या टोकाला, खुर्चीत, एका हातात वर्तमानपत्र घेऊन. पलीकडे पाऊल टाकून त्यांना महिने लोटले होते.

"सांगून ऐकणार नाहीत. त्यांना धावायलाच लावायचं," शंकी म्हणाली.

"त्या पोटाने?" भोंगा किंचाळला.

सकाळी भोंगा सरांच्या खुर्चीजवळ मुद्दाम मोठ्याने पेडलला सांगायला लागला, "सर पूर्वी धावायचे म्हणे. आता काय, खुर्चीतून उठले तरी खूप!"

"काय म्हणालास?" सर ताडकन उठले. "मागच्या वर्षी वाढदिवसाला फेरी मारली होती मी. शंभर सेकंदांत! दे ते घड्याळ!"

सर पोट सावरत सुटले. ताई, पेडल, भोंगा, सगळे बघत राहिले. सर लालबुंद होऊन परतले तेव्हा शंकीने बटण दाबलं.

"सत्त्याऐंशी!"

"बघितलंत? तेरा सेकंद कमी! जुनं हाड आहे हे!" सर गर्जले. मग गुडघा चोळता चोळता त्यांचा हात थांबला. "पण यंदा तर माझा गुडघा धरलाय. जिना चढवत नाही मला. मग कमी कसे?"

 सरांनी शंकीकडे पाहिलं, मग ताईकडे. तिची मान खाली होती. "कपाटातून लांब टेप आण," ते हळूच म्हणाले.

टेपने मोजलं, तीनशे एकोणपन्नास मीटर! काकांना बोलावल्यावर त्यांनी हात जोडले. "यंत्राचा धक्का लागून नळ फुटला, सर. ओरडा बसेल म्हणून बोललो नाही. दोनच दिवसांसाठी रेघ आत घेतली होती, मग ते राहूनच गेलं..."

"आणि मी एकदाही बघायला गेलो नाही," सर म्हणाले. "तुमच्याइतकाच मी दोषी."

त्याच सकाळी टेपने मोजून घेतलेले पुरे चोवीसशे मीटर ताई धावली. तेरा मिनिटं शेहेचाळीस सेकंद! ती गवतावर बसली आणि हमसून हमसून रडली. शंकी तिच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने ताईने नाक पुसलं. "किती दिवस उरलेत?"

"एकोणीस."

"विटा कुठे आहेत?"

मग काय विचारता! टेकडी दोनदा, विटा दुप्पट. सर खुर्ची सोडून पलीकडच्या वळणावर उभे राहून ओरडायचे. काकांनी नळ दुरुस्त केला, रेघ जागेवर आणली आणि पहाटे सगळ्यांच्या आधी फाटक उघडून ठेवायला लागले. पेडल सायकलवरून ताईच्या पुढे वेग धरायचा. शेवटच्या रविवारी बारा अठ्ठावन्न झाले तेव्हा कुणी आरोळी ठोकली नाही, अगदी भोंग्यानेसुद्धा! दोन सेकंदांवर कुणाचा भरवसा?

ताई गेली. चाचणीच्या दिवशी सर, काका आणि भोंगा सकाळपासून घरी येऊन बसले होते. संध्याकाळी फोन वाजला. आईने झडप घातली, दोन शब्द ऐकले आणि फोन शंकीपुढे धरला. "तुलाच मागतेय."

"बारा चौपन्न," पलीकडून ताईचा आवाज आला.  "पाच जणी बॅगा घेऊन परत निघाल्या गं. मी दारातून त्यांना बघत होते. तुझं ऐकलं नसतं तर सहावी मी असते."

 शंकीने मान हलवली, फोनवर दिसत नाही हे विसरून.

फोनला कान लावून ऐकणाऱ्या भोंग्याच्या आरोळीने गल्ली दणाणली. सरांनी तिघांना समोर उभं केलं आणि बाबांना म्हणाले, "वीस वर्षं मी शिकवतोय, पण यंदा शिकवलं या पोरांनी!" काकांनी तिघांना पोटाशी धरलं. आईने शंकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "विचारत जा गं बाई. आम्ही गप कर म्हटलं तरी विचारत जा."